लॉसलेसचे जास्तीचे पैसे भरण्याआधी कॉम्प्युटरचं साउंड सेटिंग उघडून बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने एकदाची 'लॉसलेस' सोय सुरू केली. एकदाची म्हणायचं कारण असं, की 'हायफाय' या नावाने ही घोषणा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच करून ठेवली होती. मधली साडेचार वर्षं लोक वाटच बघत होते. पुढे नोव्हेंबरमध्ये भारतातले प्लॅन बदलले. महिन्याला लाइट १३९ रुपये, स्टँडर्ड १९९ आणि प्लॅटिनम २९९. लॉसलेस मिळणार ते फक्त प्लॅटिनममध्ये. ॲपल म्युझिक मात्र जून २०२१ पासून लॉसलेस देतंय, तेही वेगळे पैसे न घेता.

म्हणजे स्पॉटिफायवर स्टँडर्ड सोडून प्लॅटिनम घेतलं तर महिन्याला १०० रुपये जास्त, वर्षाला १२००. प्लॅटिनममध्ये इतरही सोयी आहेत, पण आपण आज फक्त आवाजाबद्दल बोलू. हॉस्टेलवर किंवा घरी लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकणाऱ्या माणसाला या १२०० रुपयांत नक्की काय मिळतं?

माझं उत्तर थोडक्यात सांगतो: बहुतेकांना काहीच नाही. कारण आवाज बिघडतो तो ॲपमध्ये कमी आणि ॲपच्या पुढे जास्त. कॉम्प्युटरमधून आवाज बाहेर पडेपर्यंत तीन-चार ठिकाणी गळती असते, आणि यातली बरीचशी गळती एक पैसा खर्च न करता थांबवता येते. ती आधी थांबवा, मग प्लॅनचं बघू.

आधी थोडं गणित

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा एक माप ठरलं. आवाजाची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायची, प्रत्येक नोंद १६ बिटची, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. या हिशोबाने चार मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबीचं.

एमपी३ किंवा एएसीसारखे प्रकार यातला कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा काढून टाकतात. म्हणून ३२० किलोबिटचं तेच गाणं साडेनऊ एमबीत बसतं. फ्लॅकचं काम झिप फाइलसारखं असतं. फाइल दाबून लहान करायची, पण उघडल्यावर एकही बिट कमी भरता कामा नये. फ्लॅकमध्ये आपलं ४२ एमबीचं गाणं साधारण २० ते ३० एमबीचं होतं. रोजच्या दीड जीबी डेटात अशी ५० ते ७५ गाणी बसतील, तेव्हा हॉटस्पॉटवर ऐकणाऱ्यांनी जरा जपून.

स्पॉटिफायचं लॉसलेस जास्तीत जास्त २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत जातं. ॲपलचं २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. पण 'लॉसलेस' या शब्दातलं वचन नीट समजून घ्या. सर्व्हरवर ठेवलेली फाइल आणि तुमच्या कॉम्प्युटरवर पोहोचलेली फाइल सारखी असेल, एवढंच ते वचन आहे. तिथून तुमच्या कानापर्यंतची जबाबदारी कंपनीची नाही.

आणखी एक गंमत. स्पॉटिफायवर लॉसलेस आपोआप चालू होत नाही. पैसे भरल्यावरही प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉपवर सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः निवडावं लागतं. हेही न केलेले लोक महिन्याचे पैसे भरतात आणि पूर्वीचंच ऐकत बसतात.

पहिली गळती: ब्लूटूथ

बहुतेक जण ऐकतात ब्लूटूथ इअरबड्सवर, आणि सगळ्यात मोठी कात्री लागते ती इथेच. ब्लूटूथवरून गाणं पाठवताना ते पुन्हा एकदा दाबावं लागतं. त्यासाठी जो कोडेक सगळ्याच इअरबड्समध्ये असतो त्याचं नाव एसबीसी, आणि त्याचा नेहमीचा वरचा वेग साधारण ३२८ किलोबिट. सीडीच्या १,४११ पुढे हा जेमतेम पावभाग झाला. सोनीचा एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो अँड्रॉइड फोनवर. विंडोजमध्ये तो मुळातून दिलेलाच नाही. क्वालकॉमचा ॲप्टएक्स लॉसलेस सीडीच्या दर्जाचा दावा करतो, पण त्यासाठी पाठवणारं आणि ऐकणारं अशी दोन्ही उपकरणं त्याच जातीची लागतात.

हे मी एकटाच म्हणत नाहीये. लॉसलेस सुरू करताना खुद्द स्पॉटिफायनेही सांगितलं, की ब्लूटूथची क्षमता यासाठी पुरत नाही, तेव्हा वायरचे हेडफोन किंवा वायफायवर चालणारे स्पीकर वापरा. मग ब्लूटूथवर ऐकणाऱ्याने प्लॅटिनमचे पैसे आवाजासाठी का भरायचे? माझ्या मते भरू नयेत.

ब्लूटूथ वाईट आहे असं मात्र नाही. बसमध्ये, जिममध्ये त्याच्यासारखी सोय नाही. मुद्दा एवढाच, की पाइप अर्ध्या इंचाचा असताना टाकी मोठी घेऊन उपयोग नसतो.

इंटरव्ह्यूत आवाज डब्यातून का येतो?

गाण्याचं एक वेळ सोडा. ब्लूटूथचा खरा फटका बसतो तो ऑनलाइन मुलाखतीत आणि व्हायव्हामध्ये. तुम्ही अगदी तयारीने बसता, समोरचा मात्र दोन वेळा म्हणतो, "जरा मोठ्याने बोला, नीट ऐकू येत नाहीये." इंटरनेट ठीक असतं, इअरबड्सही महागडे असतात. मग बिघडतं कुठे?

नेहमीचं ब्लूटूथ दोन वेगळ्या पद्धतींनी चालतं. गाणी ऐकताना ए२डीपी नावाची पद्धत: आवाज स्टीरिओ, पण एकाच दिशेने. इअरबड्सचा माइक चालू झाला, की कॉम्प्युटर एचएफपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर उडी मारतो. ही पद्धत फोनवर बोलण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यात सेकंदाला फक्त ८,००० किंवा १६,००० नोंदी होतात, आणि आवाज मोनो. त्यामुळे तुमचा आवाज समोरच्याला जुन्या लँडलाइनसारखा ऐकू येतो आणि त्याचा आवाजही तुम्हाला तसाच खोल, चपटा येतो.

उपाय सोपा आणि फुकट आहे. ऐकायला इअरबड्स ठेवा, बोलायला लॅपटॉपचा माइक. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', मग 'साउंड' उघडा. 'इनपुट'खाली लॅपटॉपचा माइक निवडा. झूम, मीट किंवा टीम्सच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्येही तोच माइक निवडा, कारण ही ॲप्स आपली निवड वेगळी धरून बसतात. विंडोज १० वर एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, 'स्टीरिओ' आणि 'हँड्स-फ्री'. तिथे आउटपुट म्हणून 'स्टीरिओ' घ्या. आणि साधा वायरवाला हेडफोन हाताशी असेल तर मुलाखतीला तोच घाला, प्रश्नच मिटतो.

ही अडचण मुळातून सोडवण्याचं कामही सुरू झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीवर माइक चालू असतानाही स्टीरिओ आणि ३२ किलोहर्ट्झचा आवाज मिळेल. पण त्यासाठी लॅपटॉप आणि इअरबड्स दोघांनाही एलई ऑडिओ यायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ते असेलच असं धरून चालू नका.

दुसरी गळती: विंडोजचा मिक्सर

आता समजा तुम्ही वायर लावली. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमागे एक छोटी चिप असते. ती आकड्यांचं रूपांतर विजेच्या लहरींमध्ये करते. हिलाच डॅक म्हणतात. यूएसबी-सीच्या छोट्या डाँगलमध्येही तीच असते. त्यामुळे 'डॅक घेतल्याशिवाय लॉसलेस नाही' असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. डॅक तुमच्याकडे आधीपासूनच आहे.

पण गाणं डॅकपर्यंत थेट जात नाही. एकाच वेळी गाणं वाजतंय, व्हॉट्सॲपचा टिंग येतोय, ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू आहे. हे सगळे आवाज विंडोज आधी एकत्र मिसळतं. मिसळायचं तर सगळ्यांचं माप एक हवं. हे माप म्हणजे 'फॉरमॅट' नावाचं सेटिंग. बऱ्याच लॅपटॉपवर ते ४८,००० हर्ट्झवर असतं. गाणं मात्र ४४,१०० चं. मग विंडोज प्रत्येक सेकंदाच्या ४४,१०० नोंदींवरून ४८,००० नव्या नोंदी गणित करून बनवतं. म्हणजे लॉसलेसचे पैसे भरून आलेलं गाणं शेवटच्या पायरीवर बदललं जातं.

अशी दोन मापं आलीच कुठून? सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. टेपवरच्या प्रत्येक ओळीत ३ नोंदी, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करा, बरोबर ४४,१०० येतात. सीडीने तेच माप उचललं. सिनेमा, व्हिडिओ आणि डीव्हीडीच्या जगात ४८,००० रुजलं. यूट्यूब वापरतं त्या ओपस कोडेकचं कामही ४८,००० वरच चालतं. चाळीस वर्षांपूर्वीची ही भाऊबंदकी तुमच्या लॅपटॉपवर अजून चालू आहे, असं समजा.

सेटिंग बदलायचं असं:

१. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'साउंड' उघडा.
२. 'आउटपुट'खाली तुमच्या हेडफोनच्या नावापुढच्या बाणावर क्लिक करा.
३. 'फॉरमॅट'मध्ये मुख्यतः गाणी ऐकत असाल तर '२४ बिट, ४४१०० हर्ट्झ' निवडा. सिनेमे, यूट्यूब, गेमिंग जास्त असेल तर '२४ बिट, ४८००० हर्ट्झ'.
४. तिथलंच 'टेस्ट' बटण दाबून आवाज येतोय ना, हे बघा.

१९२ किलोहर्ट्झचा पर्याय दिसला म्हणून तो निवडू नका. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतो, आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण मावतो. आकडा मोठा केल्याने गाण्यात नसलेलं काही येत नाही, फक्त विंडोजचं काम वाढतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ४४.१ चं ४८ केल्याने पडणारा फरक बहुतेकांना ऐकूच येणार नाही. आजची गणितं तेवढी चांगली आहेत. तरी मी हे सेटिंग बदलायला सांगतोय, कारण दोन मिनिटांचं काम आहे. आणि ऐकूच येणार नसलेल्या फरकासाठी कुणी पैसे मागत असेल, तर हा व्यवहार आपल्यालाही कळायला हवा.

तिसरी गळती: 'आवाज सुधारणारे' इफेक्ट

हा फरक मात्र स्पष्ट ऐकू येतो. त्याच पानावर खाली 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' दिसेल. लॅपटॉप कंपन्या आपले इफेक्ट इथे चालू करून देतात. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून बेस भासावा, संवाद मोठे ऐकू यावेत, यासाठी ते असतात. स्पीकरवर त्यांचा उपयोग होतो. पण तोच इफेक्ट हेडफोनवरही लागला, तर बेस फुगतो, गायकाचा आवाज मागे जातो आणि हळू-मोठ्या जागा एकसारख्या सपाट होतात. हेडफोनसाठी हे 'ऑफ' करा. 'स्पेशल साउंड' गाण्यासाठी बंद ठेवा, सिनेमा-गेमसाठी हवं तर चालू करा. 'मोनो ऑडिओ' चुकून चालू नाही ना, तेही बघा. लॅपटॉप कंपनीचं वेगळं ऑडिओ ॲप असेल तर त्यातला इफेक्टही बंद करावा लागतो.

कॉल आला की गाणं एकदम बारीक होतं, याचंही कारण सेटिंगमध्येच आहे. 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडलं की जुनी खिडकी येते. तिच्यातल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचा पर्याय आधीच निवडलेला असतो. तिथे 'डू नथिंग' करा.

तपासण्यासाठी ओळखीचं गाणं घ्या. 'सैराट'चा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. त्यातलं एखादं गाणं इफेक्ट चालू ठेवून आणि बंद करून ऐका. व्हायोलिन एका बाजूला, ढोल मध्ये, अशी जागा लागते का बघा. उलट बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेलं गाणं २४ बिटमध्ये आलं, तरी त्यात तबकडीवर उमटलं होतं तेवढंच असणार. त्या गाण्याचं मोल त्याच्या गाण्यात आहे, बिटमध्ये नाही.

एचडीएमआय, टीव्ही आणि साउंडबार

मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने जोडला आणि लॅपटॉपचा आवाज गायब झाला, ही घरोघरची तक्रार. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. विंडोजने आउटपुट गुपचूप टीव्हीकडे वळवलेलं असतं, आणि मॉनिटरला तर अनेकदा स्पीकरच नसतो. 'साउंड'मध्ये जाऊन आउटपुट पुन्हा निवडा. 'व्हॉल्यूम मिक्सर'मध्ये प्रत्येक ॲपचं आउटपुट वेगळंही ठेवता येतं: सिनेमा टीव्हीवर, मेसेजचा टिंग लॅपटॉपवर.

साउंडबार असेल तर वायर बघा. ऑप्टिकल वायरमधून दोन चॅनलचा मूळ आवाज किंवा दाबलेला ५.१ आवाज जातो, न दाबलेला ५.१ मावत नाही. तो हवा असेल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीवर ईआर्क लिहिलेलं एचडीएमआय हवं. दोनच स्पीकर असतील तर ५.१ च्या फंदात पडू नका, 'स्टीरिओ' ठेवा. नाहीतर संवाद मधल्या, तुमच्याकडे नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि नायक ओठ हलवतोय पण ऐकू काही येत नाही, असं होतं.

मॅकवाल्यांना हेच माप 'ऑडिओ मिडी सेटअप' या ॲपमध्ये मिळेल. लिनक्सवर पाइपवायर असेल तर ते मुळात ४८,००० वर चालतं, पण त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ४४,१०० ला परवानगी देता येते.

मग पैसे भरायचे की नाही?

मला यात खटकतं ते वेगळंच. ॲपमध्ये गाण्याखाली 'लॉसलेस' अशी खूण दिसते. ती सांगते फाइल कशी आली. कानात काय पोहोचलं, हे ती सांगत नाही. ब्लूटूथ जोडलेलं असो, मिक्सरने माप बदललेलं असो, खूण तशीच झळकते. म्हणजे मोजमाप विकणाऱ्याच्या दाराशी होतं, गिऱ्हाइकाच्या दाराशी नाही. ॲपला आउटपुट कुठे जातंय हे माहीत असतं. 'तुम्ही ब्लूटूथवर आहात, सध्या लॉसलेस मिळत नाहीये' एवढी एक ओळ खुणेशेजारी दाखवणं अवघड नाही. पण मग १०० रुपये जास्त कोण देईल, हा प्रश्न उरतोच.

निर्णय घ्यायला एक चाचणी करा. वायरचा हेडफोन, इफेक्ट बंद, फॉरमॅट योग्य. ॲपल म्युझिक असेल तर तिथेच करा. स्पॉटिफायवर करायची तर एखाद्या मित्राकडे प्लॅटिनम असेल त्याच्या लॅपटॉपवर. मित्राला सांगा, की तुम्हाला न दाखवता साधी आणि लॉसलेस क्वालिटी आलटून-पालटून लाव. आवाजाची पातळी मध्ये हलवू नका, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दहा वेळा ओळखा. नऊ वेळा बरोबर आलात तर तुमचा कान खरोखर तयार आहे, खुशाल पैसे भरा. पाच-सहा वेळा बरोबर आलात तर ते नाणं उडवण्यासारखंच झालं.

माझा क्रम असा: आधी इफेक्ट बंद, मग माइक आणि आउटपुटची नीट निवड, मग एक बऱ्यापैकी वायरचा हेडफोन, मग फॉरमॅट. वर्षाचे ते १२०० रुपये हेडफोनवर घातलेत तर फरक पहिल्याच गाण्यात कळेल, आणि पुढच्या मुलाखतीतही तोच हेडफोन कामाला येईल. लॉसलेसचा नंबर या सगळ्यानंतर.